ॲफ्टनची माती : उत्तर कॅरोलायनातल्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

1978 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात एक टँकर रात्रीच्या वेळी आडरस्त्यांनी फिरायचा. चालता चालता त्याच्या खालची तोटी उघडी ठेवलेली असायची आणि तेल कडेच्या मातीत सांडत जायचं. असं करत 14 काउंट्यांमधल्या सुमारे 240 मैल रस्त्यांच्या कडेला जवळपास 31,000 गॅलन, म्हणजे एक लाख सतरा हजार लिटरच्या आसपास तेल ओतलं गेलं. लोकांना उग्र वास आला, गवतात तेलकट पट्टे दिसले, तक्रारी झाल्या. माती तपासली तेव्हा त्यात पीसीबी निघालं.

पीसीबी हे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन. सहजासहजी पेट घेत नाही, विजेला अडवतं, वर्षानुवर्षं टिकतं. त्याचं टिकणं हाच पुढे त्याचा दोष ठरला, कारण ते माशांच्या, गाईगुरांच्या आणि माणसांच्या चरबीतही तसंच टिकून राहतं. 1976 च्या संघीय कायद्याने त्याचं नाव घेऊन त्यावर बंदी घातली आणि जुन्या तेलाची विल्हेवाट एकदम महाग झाली. रॅली शहराजवळच्या वॉर्ड ट्रान्सफॉर्मर या कंपनीकडे असं जुनं तेल साचलं होतं. ते वाहून नेण्याचं काम तिने न्यूयॉर्क राज्यातल्या एका कंत्राटदाराला दिलं. त्याने स्वस्तातला मार्ग काढला. पुढे हे सगळे पकडले गेले, खटले चालले, शिक्षाही झाल्या.

गुन्ह्याची गोष्ट इथे संपते. या प्रकरणातले खलनायक शोधायचे तर ते पहिल्या काही महिन्यांतच सापडतात आणि तुरुंगाच्या वाटेला लागतात. पुढच्या पंचवीस वर्षांत जे घडलं त्यात जवळपास प्रत्येक माणूस कायद्याने वागत होता, फायलीवर सही करून वागत होता. म्हणूनच पर्यावरणाचं राजकारण आणि वंश यांचा संबंध शिकवायचा तर मला हे प्रकरण सगळ्यांत उपयोगी वाटतं. वाईट हेतूचा कुणी माणूस हाती लागत नाही, आणि तरीही विष जिथे जायचं तिथेच जातं.

माती कुठे न्यायची

रस्ते राज्याचे, म्हणून कडेची माती उचलायची जबाबदारीही राज्याची. गव्हर्नर होते जिम हंट. डेमोक्रॅटिक पक्षाचे, शिक्षणावर भर देणारे, कृष्णवर्णीय मतदारांच्या पाठिंब्यावर निवडून आलेले. दक्षिणेतल्या जुन्या वळणाच्या वर्णद्वेष्ट्या पुढाऱ्यांत त्यांची गणना कुणी करत नसे.

पर्याय तीन-चार होते. मातीवर जागच्या जागी प्रक्रिया करणं, ती जाळणं, ट्रकांनी अलाबामातल्या एमेल इथल्या मोठ्या विषारी कचराभूमीत नेणं, किंवा राज्यातच एक नवा खड्डा खणून त्यात ती कायमची पुरणं. काही पर्याय तंत्राच्या कारणाने बाजूला पडले, एमेल खर्चाच्या कारणाने. (हे एमेल अलाबामाच्या सम्टर काउंटीत येतं आणि तिथेही कृष्णवर्णीयांची मोठी बहुसंख्या. नाव पुढे पुन्हा येणार आहे.) राहिला तो खड्डा.

खड्ड्यासाठी नव्वदच्या आसपास जागा पाहिल्या गेल्या. निकष कागदावर अगदी निर्मळ होते: जागा पुरेशी मोठी हवी, वस्तीपासून दूर हवी, माती चिकण हवी, ट्रकला रस्ता हवा, राज्याला मालकी मिळायला हवी. गाळत गाळत दोनच जागा उरल्या. एक चॅथम काउंटीत, दुसरी वॉरन काउंटीत ॲफ्टन या खेड्याजवळ.

काउंटी म्हणजे काय तेही सांगायला हवं. आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, पण तिला स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि पोलिसांचा प्रमुख, म्हणजे शेरीफ, तोही मतदानानेच येतो. चॅथमची जागा त्या काउंटीच्या मालकीची, म्हणजे ती द्यायची की नाही हे निवडून आलेल्या मंडळाच्या हातात. लोक भडकले, मंडळाने हात मागे घेतला, चॅथमचा विषय संपला. ॲफ्टनची जागा खासगी शेत होतं. मालक विकायला तयार, राज्य घ्यायला तयार. मध्ये 'नाही' म्हणू शकेल असं कुणी उरलंच नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख या वरच्या परिच्छेदात आहे, आणि बहुतेक लेखनात तिच्यावरून एका वाक्यात पुढे गेलेलं दिसतं. दोन जागांमधली निवड मातीने केली नाही. एका ठिकाणी लोकांचा राग पोहोचेल असं दार होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

आता ते 'वस्तीपासून दूर, स्वस्त, मोकळी जमीन' हे निकष पाहू. वॉरन काउंटी 1980 साली साधारण 16,000 लोकसंख्येची. राज्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास, इथे जवळपास 60. राज्यातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी ही एक. पण यादवी युद्धाच्या आधी हीच काउंटी राज्यातल्या श्रीमंतांत मोजली जायची. तंबाखू आणि कापसाचे मळे, आणि त्या मळ्यांवर राबणारे गुलाम. गुलामगिरी गेली, जमीन राहिली, तिच्यावर वाट्याने कसणारी तीच माणसं राहिली. कारखाने इतरत्र उभे राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस एखादा अधिकारी नकाशावर विरळ वस्तीची स्वस्त जमीन शोधतो तेव्हा त्याचं बोट अशा जागी जाणं यात योगायोग फारसा नाही. आपल्याकडे 'गावकुसाबाहेर' हा एक शब्द उच्चारला की कोण कुठे राहतं आणि का, हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याकडे तो शब्द नव्हता, पण तसा नकाशा होता.

याच काउंटीत त्या दशकात आणखी एक गोष्ट घडत होती. नागरी हक्क चळवळीतले नेते फ्लॉइड मॅकिसिक यांनी 1969 मध्ये इथे 'सोल सिटी' नावाचं नवं शहर वसवायची घोषणा केली होती. कृष्णवर्णीयांच्या पुढाकाराने उभं राहणारं, उद्योग आणणारं, सर्वांना खुलं असलेलं शहर. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने कर्जाची हमी दिली. पुढे सेनेटर जेसी हेल्म्स यांनी प्रकल्पामागे चौकश्या लावल्या, उद्योग यायला कचरले, आणि 1979 मध्ये त्या खात्याने हात काढून घेतला. त्याच 1979 साली दुसऱ्या केंद्रीय खात्याने, पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ॲफ्टनच्या खड्ड्याला मंजुरी दिली. दोन्ही फायली वेगळ्या इमारतींत, वेगळ्या माणसांनी हाताळल्या. वॉरनमध्ये मात्र दोन्ही निर्णय एकाच पत्त्यावर आले: शहर नाही, खड्डा घ्या.

पन्नास फूट

ईपीएचा स्वतःचा नियम होता की पीसीबीचा खड्डा आणि भूजल यांच्यात किमान 50 फुटांचं अंतर हवं. ॲफ्टनमध्ये पाणी त्याच्या खूपच वर होतं, काही ठिकाणी दहा फुटांच्या आसपास. लोक विहिरीचं पाणी पीत होते. राज्याने सूट मागितली, ईपीएने दिली. खालची चिकणमाती आणि वरचं प्लास्टिकचं अस्तर पुरेसं आहे, हा 'कोरडी कबर' पद्धतीचा खड्डा असेल, पाणी आत जाणार नाही आणि आतलं बाहेर येणार नाही, असं अभियंत्यांनी सांगितलं. सूट देणं बेकायदा नव्हतं, नियमातच तशी तरतूद होती.

1979 च्या जानेवारीत वॉरन काउंटीच्या मुख्य गावात, वॉरंटनमध्ये, जनसुनावणी झाली. शेकडो लोक जमले. सुनावणी म्हणजे अधिकारी बोलतात, तज्ज्ञ आकडे वाचतात, लोक ओरडतात आणि शेवटी इतिवृत्तात 'जनतेची मतं नोंदवून घेतली' असं लिहिलं जातं. वॉरंटनमध्येही यापेक्षा फार वेगळं झालं नाही. ज्यांनी कोकणात किंवा विदर्भात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी पाहिली असेल त्यांना तो मांडव ओळखीचा वाटेल.

विरोधासाठी एक नागरिक समिती उभी राहिली. सुरुवातीच्या तीन-साडेतीन वर्षांत तिचं नेतृत्व बऱ्याच अंशी गोऱ्या रहिवाशांकडे होतं, त्यात केन आणि डेबोरा फेरुचियो हे दांपत्य पुढे होतं. मुद्दे पाण्याचे, मातीचे, जमिनीच्या किमतीचे आणि उद्योग येणार नाहीत या भीतीचे होते. वंशाचा मुद्दा फारसा पुढे नव्हता. लढाई कोर्टात आणि तज्ज्ञांच्या अहवालांत चालली होती. सोयीस्कर आठवणीत हे विसरलं जातं आणि सगळं प्रकरण पहिल्या दिवसापासून नागरी हक्कांचं होतं असं सांगितलं जातं. तसं ते नव्हतं. त्या चौकटीपर्यंत लोक चालत आले, आणि ते का आले हे समजून घेण्यातच या अभ्यासाचं सार आहे.

कोर्टाचा प्रश्न

आधीचे तांत्रिक दावे टिकले नाहीत. 1982 च्या उन्हाळ्यात एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना संघीय कोर्टात गेली. या जागेच्या निवडीत वांशिक भेदभाव झाला आहे, काम थांबवा, अशी मागणी होती. न्यायाधीशांनी ती फेटाळली. कुठल्याही अधिकाऱ्याच्या कुठल्याही निर्णयामागे वंश ही प्रेरणा होती असा पुरावा समोर नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष ऐकून चिडण्याआधी कायद्याची स्थिती पाहायला हवी. 1977 च्या आर्लिंग्टन हाइट्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की सरकारी निर्णयाचा परिणाम एका वंशावर जास्त होतो एवढं दाखवून भागणार नाही, तसा हेतू होता हे दाखवावं लागेल. 1979 मध्ये ह्यूस्टनमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीने कचराभूमीविरुद्ध दावा लावला होता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहराच्या सगळ्या कचराभूम्या आणि कचरा जाळायच्या भट्ट्यांची यादी मांडून दाखवलं की महापालिकेच्या पाचही कचराभूम्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये आहेत. कोर्टाने काम थांबवायला नकार दिला. पाचपैकी पाच हा आकडा हेतूचा पुरावा ठरत नव्हता.

वॉरनच्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न होता: 'कुणाच्या मनात काय होतं?' त्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बरोबरच होतं. जिम हंट यांच्या मनात द्वेष होता असं मानायला मलाही आधार सापडत नाही. राज्यशास्त्राचा प्रश्न निराळा असतो. निर्णयाच्या टेबलापर्यंत कोण पोहोचू शकत होतं? नकाराधिकार कोणाच्या हातात होता? कोणती गोष्ट चर्चेच्या यादीत आलीच नाही? पहिल्या प्रश्नाने खटला निकाली निघतो, दुसऱ्यांनी प्रकरण उलगडतं. 60 टक्के कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या काउंटीच्या मंडळात तेव्हा गोऱ्यांची बहुसंख्या होती. राज्याच्या विधिमंडळात, पर्यावरण खात्यात, अभियंत्यांच्या चमूत काय चित्र असेल ते वेगळं सांगायला नको.

चर्चचा रस्ता

कोर्टाचं दार बंद झाल्यावर समितीला एक गोष्ट कळून चुकली. फाइल हरली होती, आता माणसं लागणार होती. आणि वॉरन काउंटीत माणसं रस्त्यावर उतरवण्याची ताकद एकाच संस्थेत होती, ती म्हणजे कृष्णवर्णीयांची चर्चेस. कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्च हे मोर्चांचं ठाणं झालं. स्थानिक कार्यकर्त्या डॉली बर्वेल यांनी समितीचा संबंध मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दक्षिणी ख्रिस्ती नेतृत्व परिषदेशी आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाशी जोडला. त्या आयोगाचे रेव्हरंड लिऑन व्हाइट आले, बेंजामिन चेव्हिस आले. चेव्हिस जवळच्याच ऑक्सफर्ड गावचे.

15 सप्टेंबर 1982 रोजी मातीने भरलेले पहिले ट्रक निघाले. लोक चर्चपासून चालत गेले आणि खड्ड्याच्या रस्त्यावर आडवे झाले. राज्याचे महामार्ग पोलीस हेल्मेट आणि दंडुके घेऊन उभे होते. सहा आठवडे हा क्रम चालला. रोज प्रार्थना, रोज मोर्चा, रोज अटका. 500 हून जास्त लोक पकडले गेले, त्यात शाळकरी मुलं होती, आज्या होत्या, गोरे शेतकरीही होते. वॉशिंग्टन शहराचे अमेरिकन प्रतिनिधिगृहातले प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय येऊन अटक करवून घेऊन गेले. वीस वर्षांपूर्वीच्या नागरी हक्क चळवळीचं सगळं व्याकरण इथे पुन्हा वापरलं गेलं: गाणी, गुडघे टेकणं, पोलिसांच्या गाडीत शांतपणे चढणं. फक्त वाक्य नवं होतं. 'पर्यावरणीय वंशवाद' हा शब्दप्रयोग चेव्हिस यांच्या नावावर नोंदला जातो आणि तो याच आंदोलनातून वर आला.

गोऱ्या समितीने सोयीसाठी वंशाचा मुद्दा उसना घेतला, असं काही टीकाकार म्हणतात. मला ते अर्धं पटतं. युती गरजेतून झाली हे खरं. पण मुद्दा उसना नव्हता, तो तिथल्या लोकांच्या जगण्यात आधीच होता. त्याला सुनावणीच्या भाषेत जागा नव्हती, कारण त्या भाषेत फक्त फूट, गॅलन आणि दशलक्षांश भाग बोलले जातात. चर्चच्या बाकावर तो बोलता आला. हरलेली तांत्रिक लढाई आणि पेटलेली राजकीय लढाई यांच्यात फरक एवढाच पडला की प्रश्न 'पाणी किती फुटांवर आहे' यावरून 'आमच्याच पाण्याला सूट का' यावर आला. पन्नास फुटांचा नियम दोन्हीकडे तोच होता.

ट्रक थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये खड्डा भरला. हजारो ट्रक माती आत गेली. हंट यांनी दोन आश्वासनं दिली: वॉरनमध्ये यापुढे दुसरी कचराभूमी येणार नाही, आणि तंत्र उपलब्ध होईल तेव्हा या मातीतलं विष काढलं जाईल.

मतपेटी

खड्डा भरून झाल्यावर लगेच, नोव्हेंबर 1982 मध्ये, निवडणूक होती. मोर्चाच्या दिवसांत मतदार नोंदणीही चालू होती. जी माणसं पोलिसांच्या गाडीत बसून आली होती तीच रांगेत उभी राहिली. वॉरन काउंटीच्या मंडळात पहिल्यांदा कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आली. शेरीफ कृष्णवर्णीय निवडून आला. वॉरंटनचे वकील फ्रँक बॅलन्स राज्याच्या विधिमंडळात गेले.

मंडळावर आलेल्यांत ईव्हा क्लेटन होत्या. सोल सिटीच्या प्रतिष्ठानाचं काम त्यांनी पाहिलं होतं, म्हणजे बुडालेल्या त्या शहराचा वारसा अशा वाटेने मंडळात आला. पुढे त्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि 1992 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेल्या. 1901 नंतर उत्तर कॅरोलायनातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे गेला नव्हता. त्या वर्षी दोघे गेले, क्लेटन आणि मेल वॉट.

ॲफ्टनची हार आणि मंडळातली जीत यांतली कोणती मोठी, यावर वर्गात हमखास वाद होतो. मी त्यात पडत नाही. चॅथमची आठवण मात्र करून देतो. तिथे मंडळ हेच ते दार होतं ज्यातून लोकांचा राग आत गेला आणि जागा वाचली. वॉरनच्या लोकांना ते दार चार वर्षं उशिरा मिळालं.

मोजणी

फॉन्ट्रॉय यांना प्रतिनिधिगृहात पूर्ण मताधिकार नव्हता, कारण राजधानीच्या प्रतिनिधीला तो नसतो. पण सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाला चौकशी करायला सांगण्याचा अधिकार होता आणि तो त्यांनी वापरला. जून 1983 मध्ये अहवाल आला. आग्नेयेकडच्या आठ राज्यांत कारखान्याच्या आवाराबाहेर असलेल्या धोकादायक कचऱ्याच्या चार मोठ्या भूम्या होत्या. त्यांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांजवळ निघाल्या. ॲफ्टन त्यांत होतं. एमेलही होतं. म्हणजे राज्याने महाग म्हणून सोडलेला पर्याय आणि स्वस्त म्हणून निवडलेला पर्याय एकाच यादीत येऊन बसले. माती अलाबामाला गेली असती तर वॉरन सुटलं असतं, नकाशा बदलला नसता.

चारांपैकी तीन म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने काहीच नाही, असा आक्षेप आला आणि तो रास्त होता. मग 1987 मध्ये वांशिक न्याय आयोगाने देशभराची मोजणी केली, टपालाच्या पिनकोडसारख्या झिप कोडवार. व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रांची जागा ओळखायला उत्पन्न, घरांच्या किमती वगैरेंपेक्षा वंश हा जास्त ठळक घटक निघाला. त्यावर प्रतिवाद आला: झिप कोड फार मोठा असतो, जनगणनेच्या लहान गटांवर मोजलं तर वंशाचा परिणाम दिसत नाही. दुसरा प्रतिवाद त्याहून अवघड होता. आधी काय आलं, कचरा की लोक? कदाचित कचराभूमी आल्यावर जमीन स्वस्त झाली आणि मग गरीब व कृष्णवर्णीय लोक तिथे राहायला आले? ॲफ्टनपुरतं या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून होते. देशभरासाठी ते इतकं सरळ नाही.

या वादात दोन कामं विशेष मोलाची झाली. इव्हान रिंगक्विस्ट यांनी 2005 मध्ये तोवरचे 49 अभ्यास एकत्र करून तपासले. वंशानुसार असमानता जवळपास सगळीकडे सापडते, मोजण्याची पद्धत बदलली तरी ती पुसली जात नाही, पण तिचा आकार चळवळीच्या घोषणांतून वाटतो त्यापेक्षा लहान आहे, असं त्यांच्या हाती आलं. दोन्ही बाजूंना अर्धं दुखावणारा हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो. दुसरं काम जेम्स हॅमिल्टन यांचं, 1995 मधलं. ज्या केंद्रांनी क्षमता वाढवायच्या योजना आखल्या त्यांच्या आसपासची मतदानाची टक्केवारी त्यांनी पाहिली. जिथे लोक मतदानाला जास्त बाहेर पडतात, म्हणजे जिथे संघटित विरोधाची शक्यता जास्त, तिथे विस्ताराचा बेत कमी आढळला. कंपन्या माती आणि रस्ते पाहतात तसा विरोधाचा खर्चही पाहतात. ॲफ्टनमध्ये माती नेणारं राज्य होतं, कंपनी नव्हती, पण हिशेब वेगळा होता असं मला वाटत नाही.

आणि इथे वंशाचा प्रश्न नाहीसा होत नाही, एक पायरी मागे सरकतो. मतदान कमी का होतं? उत्तर कॅरोलायनात साक्षरतेच्या चाचण्यांनी अनेक कृष्णवर्णीयांना 1965 च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत यादीबाहेर ठेवलं होतं. 1978 मध्ये ॲफ्टनमध्ये पन्नाशीला आलेल्या माणसाचं अर्धं प्रौढ आयुष्य त्या चाचण्यांच्या काळात गेलं होतं.

वीस वर्षांनी

11 फेब्रुवारी 1994 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश क्रमांक 12898 काढला. केंद्राच्या प्रत्येक खात्याने आपल्या निर्णयांचा अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांवर होणारा परिणाम पाहावा, असं त्यात होतं. आदेशाने कुणाला कोर्टात जाण्याचा नवा हक्क दिला नाही. 2001 मध्ये सँडोव्हल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्क कायद्याचा एक मार्गही अरुंद केला: हेतू न दाखवता, केवळ परिणामाच्या आधारावर खासगी व्यक्तीला दावा लावता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी 12898 रद्द केला. वॉरनच्या रस्त्यावरून सुरू झालेली केंद्रातली ही वाट तीस-एकतीस वर्षं टिकली.

ॲफ्टनमध्ये काय चाललं होतं? 'कोरड्या कबरी'त पाणी साचलं होतं. 1993 मध्ये राज्याने कळवलं की खड्ड्यात जवळपास दहा लाख गॅलन पाणी आहे आणि ते उपसावं लागेल. उपसून भागणार नाही, हंट यांनी दिलेलं आश्वासन पाळा, असं लोकांनी धरलं. हंट दरम्यान पुन्हा गव्हर्नर झाले होते. यावेळी एक संयुक्त कार्यगट बसला आणि त्यात स्थानिक लोक होते, त्यांच्या पसंतीचे तज्ज्ञ होते. 1979 मध्ये सुनावणीच्या मांडवात ज्यांना तीन मिनिटं बोलू दिलं असेल ते आता तंत्राची निवड करत होते. माती खणून, तापवून, रसायनाने पीसीबी मोडून ती पुन्हा तिथेच घालायची असं ठरलं. काम 2003 च्या अखेरीस पुरं झालं. खर्च सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर.

महाग म्हणून सोडलेला पर्याय आठवतो ना? स्वस्त पर्यायाचं बिल असं पंचवीस वर्षांनी आलं, आणि खड्डा भरल्यानंतरची वीस-एकवीस वर्षं विहिरीचं पाणी पिताना मनात येणारी शंका कुठल्याच बिलात धरली गेली नाही.

2003 सालीच वॉर्ड ट्रान्सफॉर्मरचं मूळ आवार ईपीएच्या 'सुपरफंड' यादीत आलं, म्हणजे देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत. हे आवार वेक काउंटीत, रॅली-डरहॅम विमानतळाच्या जवळ, भरभराटीच्या आणि बहुतांशी गोऱ्यांच्या उपनगरी पट्ट्यात आहे. तिथून पीसीबी ओढ्यांत उतरलं, ओढ्यांतून लेक क्रॅबट्री या तलावात गेलं. तलावाभोवती सार्वजनिक उद्यान आहे, लोक सायकली चालवतात, होड्या वल्हवतात. मासे खाण्याबद्दल मात्र तिथे इशारा दिलेला आहे.